दाऊद पारख्याचा डावा कान

गलाल्यात दाऊदला सगळे अम दाऊद म्हणायचे. अम म्हणजे काका. पण या काकाच्या ओढीने त्याच्या दारात पाऊल टाकणारा माणूस मी तरी पाहिला नाही. आलेला पाहुणा कशासाठी आला असेल, हे तो टेकायच्या आत दाऊदला कळायला हवं असे. कुणी अंजिरांची परडी आणून दिली, तर वरची अंजिरं बाजूला सारून तो आधी तळातली बघायचा. कुणी नुसतं "बरं आहे ना?" म्हटलं, तरी थबकून विचारायचा, "का? कोण काय बोललं?"

त्याची बायको शलबिया शेजारणींना सांगायची, "लग्नानंतर तीन दिवस हा माणूस माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, रूपावर भुलला. कसलं काय! दाखवलेली मुलगी हीच का, ते तपासत होता."

पण गाव त्याला सांभाळून घेई, कारण संशय हाच त्याचा धंदा होता. जेर्बा बेटावर आमचं गलाला कुंभारांचं. जमिनीखाली बोगदे खणून माती काढायची, चाकावर चढवायची, आणि माणूस आत उकिडवा बसेल एवढाले तेलाचे रांजण भाजायचे. समुद्रापलीकडच्या तेलगिरण्यांचे ट्रक ते न्यायला यायचे. आणि दाऊदने पास केल्याशिवाय एकही रांजण ट्रकवर चढत नसे. आधी तो मधल्या बोटाच्या पेराने रांजणाच्या पोटावर वाजवी. मग तोंडाला डावा कान लावून, श्वास रोखून, सातपर्यंत मोजी. धड रांजण आतून गप्प असतो. केसाएवढा तडा असला, तरी आतली हवा हळूच फसफसते. ते फसफसणं गावात फक्त त्याला ऐकू येई. त्याआधी त्याच्या बापाला येत असे, त्याआधी आजोबांना. पास झालेल्यावर गेरूचा पट्टा. नापास झालेला जागच्या जागी पालथा. पालथा रांजण कुणी परत सुलटा करायचा नाही, बनवणाऱ्यानेच तो आपल्या हाताने फोडायचा, अशी आमच्याकडची रीत.

त्याची एकुलती एक मुलगी जाझिया. अय्यूब नावाच्या कुंभाराने तिला मागणी घातली, तेव्हा दाऊदने तीन वर्षं होकारच दिला नाही. पोरगा सरळ होता, कामसू होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. हेच दाऊदच्या पचनी पडेना. तीन वर्षं तो अय्यूबचे रांजण वाजवत राहिला. शेवटी एका भट्टीत दोन रांजण फुटके निघाले, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. घरी येऊन म्हणाला, "पोरगा खरा आहे. खोटा असता तर ते दोन आधीच लपवले असते." त्याच महिन्यात लग्न लावून दिलं.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग ओळीने दोन हिवाळे पाऊस फिरकला नाही. बेटावर गोडं पाणी म्हणजे घराखालच्या टाकीत साठवलेलं पावसाचं, बाकी सगळीकडे समुद्र. आता प्यायच्या पाण्याचे माठ आम्ही मुद्दामच समुद्राच्या पाण्यात माती मळून करतो. ते पांढरे होतात, पाझरतात, पाणी गार ठेवतात. पण तेलाच्या रांजणाची माती गोड्या पाण्यातच मळावी लागते. टाक्या तळाला गेल्या आणि दाऊदच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागली. प्यायलाच पाणी नाही, तर हे सगळे माती कशात मळतायत?

ऑलिव्हचा हंगाम तोंडावर आला. अय्यूबची भट्टी उघडली. अठ्ठावीस रांजण अंगणात ओळीने उभे राहिले. दाऊदने पहिला वाजवला. खणखणीत. कान लावला. एक, दोन, तीन... आणि आत काहीतरी फसफसलं. थांबलं. पुन्हा फसफसलं. अगदी हळू, पण नेमाने.

त्याने तो पालथा घातला. दुसऱ्याला कान लावला. तेच. तिसरा, चौथा, दहावा. अय्यूब मातीने भरलेले हात तसेच लोंबकळत ठेवून बघत होता.

"अम दाऊद, सगळेच?"

"सगळेच."

"पाणी भरून बघूया का?"

"मला शिकवतोस? खाऱ्या मातीत बारीक छिद्रं राहतात, तीच फसफसतायत. असा रांजण दोन दिवस पाणी धरतो रे बाबा. तेल भरलं की सहा महिन्यांनी घाम गाळायला लागतो. मग गिरणीवाले माझ्या दाढीला हात घालतील, तुझ्या नाही. खरं सांग, माती कशात मळलीस?"

"टाकीतल्या पाण्यात."

"टाकीत आहे किती?"

अय्यूब काही बोलला नाही. मान खाली घालून त्या पालथ्या ओळीकडे बघत राहिला. दाऊदने आयुष्यभर माणसं पारखली होती, निदान त्याला तरी तसं वाटायचं. निर्दोष माणूस ओरडतो, शिव्या घालतो. गप्प राहतो तो कोण?

त्याच दुपारी अय्यूबने घण घेऊन अठ्ठावीसच्या अठ्ठावीस रांजण फोडले. आवाज गावभर ऐकू येत होता. दाऊद घरी जवाची पेज खाता खाता शलबियाला म्हणाला, "बघितलंस, किती घाई? पुरावा मिटवतोय."

अय्यूबच्या पुढच्या भट्टीतले अठ्ठावीसही असेच पालथे गेले आणि फुटले. त्याच्या पुढची स्लीमानची होती. स्लीमान म्हणजे दाऊदचा बालमित्र, त्याच्याशी भांडायची हिंमत असलेला एकुलता एक माणूस. त्याचेही रांजण आतून फसफसले.

"माती कुणाची?" दाऊदने विचारलं.

"या खेपेला अय्यूबकडून मळलेली घेतली. का?"

"का काय? इथेच तर पाणी मुरतंय!"

"डोकं फिरलंय तुझं," स्लीमान म्हणाला. "पालथे घालायचे तर घाल. पण मी फोडणार नाही. कोंबड्या ठेवीन त्यांत."

जाझिया बापाकडे आली. दारातूनच बोलली, आत आली नाही. "बाबा, तो जेवत नाही. बोगद्यात जाऊन बसतो. रोज नव्या जागची माती काढून चाखून बघतो. तुम्ही एकदा त्याच्याशी बोला."

"चाखून बघतो म्हणजे खारट आहे हे त्यालाही ठाऊक आहे."

"बाबा!"

"बापावर ओरडू नकोस. त्याने पाठवलं ना तुला?"

ती गेली ती परत आली नाही. थोड्याच दिवसांत कळलं, अय्यूबने चाक उभं करून भिंतीला टेकवलं आणि तो बेटाच्या त्या अंगाला, नव्या हॉटेलात पाहुण्यांच्या बॅगा उचलायला लागला. आठ पिढ्यांचा कुंभार. दाऊद म्हणाला, "पळाला. चूक नसती तर पळाला असता का?"

सगळं कसं एकात एक चपखल बसत होतं. संशयी माणसाचं हे एक दुर्दैव असतं. त्याच्या हिशेबात कधी काही उरतच नाही.

उरलं ते एका सकाळी, त्याच्याच घरात. शलबियाने तेल काढायला सांगितलं. माजघरात त्याच्या बापाने पारखलेला, चाळीस वर्षं तेल धरून असलेला रांजण होता. दाऊद तेल काढायला वाकला, त्याचं डोकं तोंडाशी आलं, आणि आतून तेच फसफसणं कानावर आलं. त्याच लयीत. तो ताठ उभा राहिला.

"शलबिया! हा रांजण कुणी बदलला?"

"काय?"

"माझ्या बापाचा रांजण नेऊन इथे दुसरा आणून ठेवलाय. जाझिया आली होती का? अय्यूब आला होता?"

शलबिया पिठाचे हात घेऊन बाहेर आली. रांजणाला तीन माणसं लागली असती हलवायला. तिने नवऱ्याकडे बघितलं, रांजणाकडे बघितलं.

"ए माणसा," ती म्हणाली, "रांजण तोच आहे. कान बदललाय."

दाऊद खूप चिडला. पण त्या दिवशी त्याने एक गोष्ट केली, जी कुणाला सांगितली नाही. उशीला डावा कान लावून बघितला. उशी फसफसली. तळहात कानावर दाबला. तळहात फसफसला. आणि गेले काही महिने डाव्या बाजूने बोलणारी माणसं कुजबुजतात असं त्याला जे वाटत होतं, त्याचाही त्याने पहिल्यांदाच वेगळा विचार केला. नाहीतर आजवर त्याची खात्री होती, की ती मुद्दाम कुजबुजतात.

हूमत सूकला, बेटाच्या बाजारगावात, कान बघणारा एकजण बसायचा. शलबियाने त्याला तिकडे ओढत नेलं. त्याने नळी घालून आत बघितलं. "लाल काहीतरी आहे पडद्यामागे. जुनी सूज. जरा मान धरा, एक कण चिमटीत तोडून घेतो, तपासायला पाठवू." आणि चिमटा उचलला.

दाऊदने त्याचा हात धरला. "चिमटा आधीच बाहेर काढून ठेवला होतास. म्हणजे आत काय आहे ते बघायच्या आधीच तोडायचं ठरलं होतं?"

"अहो, चिमटा ताटात असतोच."

"माझ्यासाठीच का असतो?"

आणि गळ्याला बांधलेल्या फडक्यासकट तो रस्त्यावर आला. शलबियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवडाभर गाव हसत होतं.

पण फसफसणं वाढत होतं. आता कान कशाला टेकवायचीही गरज नव्हती. बसल्याजागी, जेवताना, नमाजाला उभा असताना, डाव्या बाजूला ते सतत चालू. शेवटी शलबियाचा भाऊ त्यांना अजीमच्या बंदरावरून होडीने पलीकडे घेऊन गेला आणि तिथून भाड्याच्या गाडीत कोंबून सफाक्स शहरात. मोठ्या इस्पितळात कानाची डॉक्टर एक बाई होती, नझिहा. चाळिशीची, आखूड केसांची, बोलायला फटकळ. दाऊदने आत शिरताच तिचं टेबल नीट बघून घेतलं. चिमटा नव्हता.

नझिहाने आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग छातीला लावायची नळी काढली आणि त्याच्या डाव्या कानामागच्या हाडावर टेकवली.

"हृदय इथे नसतं," दाऊद म्हणाला.

"गप्प बसा हो."

ती ऐकत राहिली. एका हाताने तिने त्याचं मनगट धरलं, दुसऱ्या हाताच्या बोटाने टेबलावर ठेका धरला. टक. टक. टक. दाऊदचे डोळे विस्फारले. त्याला आत जेव्हा जेव्हा फसफसल्याचं ऐकू येत होतं, नेमकं तेव्हाच तिचं बोट पडत होतं.

"तुला कुणी सांगितलं?" तो कुजबुजला. मग शलबियाकडे वळला. "तू सांगितलंस हिला!"

"काय सांगणार मी, ठोके?"

डॉक्टरीणबाईंनी नळ्या काढून शलबियाच्या कानांत घातल्या. शलबिया आधी लाजली, मग ऐकायला लागली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं. तिने इतके महिने या माणसाला वेड्यात काढलं होतं. तिथे कानामागच्या हाडात, खरोखरच, कुणीतरी पंख्याने वारा घालावा तसं होत होतं.

"अगं बाई," ती म्हणाली, "आहे की गं खरंच!" आणि तिथेच रडायला लागली.

नझिहाने मग त्याच्या मानेवर, जबड्याखाली दोन बोटं दाबली. आवाज बंद पडला. दाऊदच्या डाव्या बाजूला इतक्या दिवसांनी काहीच नव्हतं. तिने बोटं उचलली. आवाज परत सुरू झाला.

"हे घरी स्वतः करायचं नाही," तिने बजावलं. "रक्त डोक्यात जायचं थांबतं. आता ऐका. कानाच्या पडद्यामागे गाठ आहे. नुसत्या रक्तवाहिन्यांची, लालभडक. लाखांत एखाद्याला होते. ती कॅन्सरसारखी अंगभर पसरणारी दिसत नाही, पण हाड कुरतडत वाढते. तुम्हाला ऐकू येतं ते तुमचंच रक्त आहे, तिच्यातून धावणारं. मधे कुणी चिमटा-बिमटा लावला नाही ना?"

"लावणार होता. मी पळालो."

"बरं केलंत. रक्त थांबवता आलं नसतं त्याला."

दाऊदने बायकोकडे असं बघितलं, की तिला पुढचं वर्षभर ते ऐकायला लागणार हे कळून चुकलं.

तपासण्या झाल्या. एका दिवसाची पूर्ण लघवी डब्यात गोळा करायला सांगितली, तेव्हा दाऊदने डबा मांडीवर घेऊनच दिवस काढला. अशा काही गाठी रक्तात एक रस सोडतात, शस्त्रक्रियेत रक्तदाब एकदम भडकवतात, तो रस लघवीत सापडतो, असं नर्सने समजावलं. तो म्हणाला, "थोडी पुरली नसती का? सगळी कशाला हवी?" रस निघाला नाही. मग यंत्रात घालून डोक्याचे फोटो काढले. गाठ मानेतल्या मोठ्या शिरेच्या तोंडाशी होती, चण्याहून मोठी. नझिहाने फोटो उजेडात धरून सांगितलं, "काढायला हवी. त्या कानाचं ऐकणं बहुतेक जाईल. तोंड हलवणारी नस तिला चिकटून जाते. ती दुखावली तर अर्धा चेहरा लुळा पडेल, कदाचित काही महिने, कदाचित कायमचा. नाही काढली तर ती आत वाढत जाईल."

दाऊदने तिला एकच प्रश्न विचारला. "आणि मग रांजण?"

"कसले रांजण?"

त्यावर तो विचार करून सांगतो म्हणाला आणि गलाल्याला परतला.

परतला, कारण त्याला एक पळवाट सापडली होती. कानात गाठ आहे, मान्य. पण म्हणून अय्यूबची माती गोड झाली का? गाठही असेल, मातीही खारी असेल. दोन्ही खरं असू शकतं की. दोन महिने तो या एका वाक्याला धरून बसला. कारण ते सोडलं, तर हातात काय उरतं? छप्पन रांजण, एका पोरीचं तुटलेलं माहेर, आणि बॅगा उचलणारा एक कुंभार. गाठीची भीती त्याला नव्हती असं नाही. पण गाठीपेक्षा हे मोठं होतं.

शेवटी एका दुपारी, सगळे आडवे झालेले असताना, तो स्लीमानच्या अंगणात शिरला. कोंबड्या हाकलल्या. पालथ्या रांजणांपैकी एक आडवा केला, गुडघे टेकून तोंडाशी कान नेला. फसफस. मग नझिहाने नको म्हटलेलं केलं. जबड्याखाली दोन बोटं रुतवली.

रांजण गप्प झाला. एक, दोन, तीन, चार. डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. पाच, सहा, सात. आत काही नव्हतं. अय्यूबच्या मातीचा, धडधाकट, गप्प रांजण.

स्लीमान उठून बाहेर आला तेव्हा दाऊद कोंबड्यांच्या घाणीत बसून होता.

"काय रे? कोंबडी चोरायला आलास?"

"स्लीमान," तो म्हणाला, "रांजण चांगलेच आहेत."

"ते कोंबड्यांनाही ठाऊक आहे," स्लीमान म्हणाला. मग मित्राचा चेहरा नीट दिसला आणि त्याने पुढची थट्टा गिळली. "मला सांगून काय उपयोग? ज्याला सांगायचं त्याला सांग."

दाऊद त्याला सांगायला गेला नाही. धीर झाला नाही, एवढंच त्यातलं खरं. आधी गाठ काढून येतो, मग सांगतो, असं मनाशी घोकत त्याने सफाक्स गाठलं. तिथे त्यांनी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून, ती वर कानापर्यंत नेऊन, गाठीला रक्त पुरवणारे रस्ते बंद करायचं ठरवलं. हे ऐकून तो भडकला. "दुखतंय कानात आणि तुम्ही शिरता मांडीत? मी कुंभारांच्या गावचा असलो म्हणून काय मातीचा आहे?" नझिहाने कागदावर चित्र काढून दाखवलं. त्याने ते चित्र शेजारच्या खाटेवरच्या रोग्याला, झाडूवाल्याला आणि चहावाल्याला दाखवून तिघांचंही मत घेतलं, आणि मग मान डोलावली.

गाठ रक्ताची, तेव्हा रक्ताच्या बाटल्या हव्या होत्या. नातेवाइकांनी द्यायच्या. शलबियाच्या भावाने एक दिली. दुसरी द्यायला दारात अय्यूब उभा होता. मागे जाझिया.

दाऊदने त्यांना बघितलं मात्र, जुनं मन आधी जागं झालं. हा का आला? कुणी बोलावलं? याचं मी वाटोळं केलं आणि हा मला रक्त द्यायला येतो? माणूस असा असतो का? नक्की काहीतरी हवंय याला. त्याने नर्सला जवळ बोलावून विचारलं, "दुसऱ्याच्या रक्तात कुणी काही मिसळू शकतं का?" नर्सने उत्तरही दिलं नाही. अय्यूब पलीकडच्या खोलीत बाही वर करून आडवा झाला. परत आला, दंडावरचा कापूस दाबत, आणि "सुखरूप या, अम दाऊद," एवढंच बोलला. तेव्हाही दाऊदला सांगता आलं असतं. ओठ उघडलेही. मग त्याने पाणी मागितलं.

शस्त्रक्रिया सात तास चालली. गाठ निघाली. शुद्ध आली तेव्हा डाव्या बाजूला फसफस नव्हती. काहीच नव्हतं. आणि पाणी प्यायला गेला तर ते डाव्या कोपऱ्यातून उशीवर सांडलं. डावा डोळा मिटेना, गाल लोंबत होता. नझिहाने सांगितलं, नस तुटलेली नाही, ताणली गेली आहे, बरेच महिने लागतील, पण बहुतेक परत येईल. "बहुतेक म्हणजे किती?" असं त्याला विचारायचं होतं, पण त्याचे शब्द कुणालाच कळले नाहीत.

चौथ्या दिवशी संध्याकाळी जाझिया आणि शलबिया खाली गेल्या होत्या. अय्यूब उजव्या बाजूच्या स्टुलावर बसून डाळिंब सोलत होता. आता पाणी मागून सुटका नव्हती.

"रांजण चांगले होते," दाऊद म्हणाला. तोंडातून नुसता भरडलेला आवाज आला.

"काय हवंय?" अय्यूबने वाकून विचारलं.

"रांजण. चांगले होते." पुन्हा तेच. लाळ हनुवटीवर आली. अय्यूबने फडक्याने पुसली.

एकदा सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं, ते आता तीनदा सांगावं लागणार होतं. त्याने उजव्या हाताने लोंबणारा गाल वर उचलून धरला, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "तुझे. रांजण. सगळे. चांगले. होते. खोट. माझ्या. कानात. होती."

अय्यूबला कळलं. डाळिंब त्याच्या हातातच राहिलं.

दाऊद वाट बघत होता. ओरडेल, शिव्या घालेल, उठून जाईल. एव्हाना त्याने कधीच ओरडायला हवं होतं.

"सगळे?" अय्यूबने विचारलं. अंगणात विचारलं होतं, तसंच.

"सगळे."

"मग माझा हात गेला नव्हता?"

दाऊदला प्रश्न उमगला नाही.

"मला वाटलं, माझा हात गेला," अय्यूब हळूच म्हणाला. "माती मी टाकीतल्या पाण्यातच मळली होती, अम दाऊद. मला माहीत होतं. पण तुम्ही पालथा घातला म्हणजे रांजण फुटकाच असणार. मग म्हटलं, मातीच बदलली असेल. सगळे बोगदे पालथे घातले. मग म्हटलं, भट्टी असेल. ती उतरवून पुन्हा बांधली. शेवटी उरला माझा हात. स्लीमान म्हणायचा, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. जाझियाही एकदा म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, तुझा बाप चुकायचा नाही."

दीड वर्षं दाऊदने या पोराचं गप्प बसणं, रांजण फोडणं, गाव सोडणं, सगळं तपासून पाहिलं होतं. त्या सगळ्याच्या मुळाशी हे असेल, हे त्याच्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली, की कानामागचे टाके विसरून तो उठून बसायला गेला. अय्यूबने त्याला खांद्यांना धरून परत टेकवलं.

त्याने पुन्हा गाल उचलून धरला.

"एकदा," तो म्हणाला, "एकदा तरी संशय घ्यायचास रे माझ्यावर!"

अय्यूबला या वेळी एकदा ऐकूनच कळलं. त्याने डाळिंबाचा एक दाणा सासऱ्याच्या तोंडाच्या उजव्या, धड कोपऱ्यात ठेवला.